गाडी ठरवण्याआधी



चैत्रात जोतिबाची यात्रा येते. आषाढात पंढरपूर येते. मध्ये लग्नसराई असते. चार घरे एक होतात आणि गाडी ठरवतात. भाडे किती, हे आपण आधी विचारतो. घासाघीस करतो. पण चालकाची झोप झाली आहे का, हे कोण विचारतो?

२६ जानेवारी २०१८ ची रात्र आठवा. गणपतीपुळ्याहून कोल्हापूरला येणारी मिनीबस शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत पडली. १३ माणसे गेली. देवदर्शनाला निघालेली माणसे होती ती. गाडी हाताबाहेर गेली की किती घरांत अंधार होतो, हे कोल्हापूरने त्या रात्री पाहिले.

असे होऊ नये म्हणून कायदा आहे. १९६१ च्या कायद्याने चालकाचे काम दिवसाला ८ तास ठरवले. ५ तास झाले की निदान अर्धा तास विसावा सांगितला. का? डोळा क्षणभर मिटला तरी गाडी रस्ता सोडते.

आता आपणच हिशेब करू. कोल्हापूरहून तुळजापूरला जायला सुमारे ६ तास. यायला तेवढेच. झाले १२ तास. ते ८ तासांत कसे बसतील? तरी आपण म्हणतो, "दादा, रातोरात जाऊन येऊ की! एका दिवसाचं भाडं वाचतंय." मालक हो म्हणतो. चालक पोटासाठी गप्प बसतो. नियम मोडतो तो चालक. पण मोडायला लावतो कोण? आपणही त्यात असतो.

मग काय करावे? एक रात्र मुक्काम करावा, नाहीतर दोन चालक घ्यावेत. खर्च सगळ्या घरांत वाटला तर जड जात नाही.

वडापातही तेच. "सरका जरा, अजून दोघं बसतील," असे आपणच म्हणतो. २०१९ पासून जादा माणसामागे २०० रुपये दंड आहे. जादा माणसे उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. पण दंडापेक्षा जीव मोठा. भरलेल्या गाडीचा ब्रेक लवकर लागत नाही.

आणखी एक. आता आपल्याला वाचता येते. गाडी ठरवताना फिटनेसचा कागद मागा. ८ वर्षांपर्यंतच्या गाडीची तपासणी दर २ वर्षांनी होते, त्याहून जुनीची दरवर्षी. कागदावरची तारीख स्वतः वाचा. मुदत संपली असेल तर त्या गाडीत बसू नका. चालकाच्या तोंडाला दारूचा वास आला तरी बसू नका. भिडेला बळी पडू नका.

घाटात पाटी दिसते, 'अति घाई, संकटात नेई'. ती आपण वाचायची आणि चालकाला सांगायचे, "मामा, सावकाश चला. आम्हांला उशीर चालेल."