ट्रॅक्टर फिरवण्याआधी गायरान फिरून या

(नागपूर जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गेल्या बैठकीत तीन गावांनी एकच विषय मांडला. गायरानात तरोटा आणि गाजरगवत कमरेएवढे वाढले आहे, जनावर आत शिरत नाही. भाड्याने ट्रॅक्टर आणि रोटरी स्लॅशर आणून एकदाचे सगळे सपाट करावे का? माझे उत्तर असे: करावे. पण सगळीकडे नाही, वाटेल तेव्हा नाही, आणि सातबारा पाहिल्याशिवाय तर मुळीच नाही.

आधी हा प्रश्न आपल्या जिवाचा का आहे ते पाहू. आपल्या बापजाद्यांची ज्वारी डोक्यावर जायची. दाणा माणसाला, कडबा बैलाला. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले. दाणा वाढला, धांडा आखूड झाला. पुढे सोयाबीन आले आणि ज्वारीच वावरातून गेली. कपाशीची पऱ्हाटी चुलीत जाते, बैलाच्या दावणीत नाही. आज कोरडवाहू शेतकरी चारा विकत घेतो, नाहीतर बैलजोडी विकतो. कापसाचा उत्पादन खर्च मांडताना हा चारा आपण धरतो का? नाही. कारण गायरानाचा चारा फुकटचा, असे अजून आपल्या डोक्यात आहे. प्रत्यक्षात गायरानात चारा उरलेलाच नाही. आर्वी-कारंजा भागातली गवळाऊ जात याच माळरानांच्या गवतावर पोसली गेली, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट. तणाने भरलेले गायरान बेवारस दिसते. बेवारस दिसणाऱ्या जमिनीवर कोणी अतिक्रमण करतो, कोणी तिच्यावर प्रकल्प मागतो. जिथे गावाची गुरे रोज चरतात, ती जमीन मागायला दहादा विचार करावा लागतो.

आता माझी चूक सांगतो. शेतकीची पदवी नवी होती तेव्हा काटोलकडच्या एका गावात मी दिवाळीच्या तोंडावर गाजरगवतावर यंत्र फिरवायला लावले. पांढऱ्या फुलांनी माळ भरला होता. दोन दिवसांत माळ साफ झाला आणि लोकांनी मला चहा पाजला. पुढच्या पावसाळ्यात त्याच माळावर दुप्पट गाजरगवत उगवले. गावातली एक म्हातारी मला म्हणाली, "काहो भाऊ, तुम्ही हे गवत कापलं का पेरलं?" मी खाली मान घातली. यंत्राने बी झटकून सगळीकडे पसरवले होते. एक झाड हजारोंनी बी देते. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण देशभर पसरले, ते या बियांच्या जोरावर.

म्हणून वेळ महत्त्वाची. गाजरगवत पावसाबरोबर उगवते आणि महिना-दीड महिन्यात फुलावर येते. लहान असताना त्याची पाने जमिनीला चिकटलेली असतात, पाते वरून निघून जाते आणि डिझेल वाया जाते. खोड वर निघाले, कळी दिसली पण फूल उमललेले नाही, ती वेळ कापणीची. साधारण जुलैअखेर ते ऑगस्ट. बुडातून ते पुन्हा फुटते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरी कापणी. त्यानंतर जे उरेल ते ओल असताना मुळासकट उपटायचे. हातात मोजे, तोंडाला फडके. अंगाला खाज येते, दम लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. तरोटाही शेंग धरण्याआधीच कापा.

भर पावसात ट्रॅक्टर कसा जाईल? भारी जमिनीत जाणार नाहीच, आणि घालूही नका, माती दबून दगड होईल. पण बहुतेक गायराने बरडावर आहेत. चार-पाच दिवसांची उघाड मिळाली की तिथे चाक चालते.

आता यंत्राचे. रोटरी स्लॅशरची पाती ट्रॅक्टरच्या पीटीओवर आडवी फिरतात आणि झाडाचा चुरा करतात. म्हणजे ते तण मोडायचे यंत्र आहे, चारा कापायचे नाही. चांगले गवत त्याखाली घातले तर गोळा करायला हाती काही लागणार नाही. मारवेल, पवना जिथे दिसेल तिथे यंत्र नको, विळा. तेही गवत फुलोऱ्यात असताना. कुसळ धरले, वाळले, की त्यातला कस निघून जातो. पाते जमिनीपासून चार-पाच इंच वर ठेवा. माती खरवडली की तणाला नवी जागा मिळते.

हिशेब करू. पाच फुटी यंत्र वळणे धरून तासाला सुमारे एक एकर करते. तासाला ४-५ लिटर डिझेल धरा. ४० एकर गायरान दोनदा कापायचे तर ८० तास, ३२० ते ४०० लिटर. पण आधी फिरून पाहिले आणि तण फक्त १२ एकरांत निघाले, तर २४ तास आणि जास्तीत जास्त १२० लिटर. पायी एक चक्कर मारल्याने वाचलेले हे पैसे आहेत.

ती चक्कर जिवासाठीही आहे. गवतात बिनकठड्याच्या विहिरी असतात, धोंडे असतात, तारा असतात. त्यांना बांबू रोवून कापड बांधा. पात्याने उडवलेला दगड गोळीसारखा जातो. संरक्षक साखळ्या नसलेले यंत्र भाड्याने घेऊ नका, शंभर पावलांत माणूस किंवा जनावर येऊ देऊ नका. पात्यात तार अडकली तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, पाती थांबली की मगच खाली उतरा. उतारावर आडवे चालवू नका. मधून बाहेरच्या बाजूला कापत या, म्हणजे ससे आणि तितर निसटतील. टिटवीची अंडी दिसली तर तेवढा तुकडा सोडा. गाजरगवताची पाने खाणारे मेक्सिकन भुंगे जिथे दिसतील तो तुकडाही सोडा, ते फुकटचे मजूर आहेत. काम झाल्यावर यंत्र तिथेच झाडून घ्या, नाहीतर एका गावाचे बी दुसऱ्या गावाला जाईल.

आणि कागद. नागपूर विभागात गावाच्या चराईची बरीच जमीन 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेली आहे, सुमारे ८६ हजार हेक्टर. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच मानली. तिथे परवानगीशिवाय यंत्र घातले तर गुन्हा गावावर येईल. म्हणून सातबारा आणि निस्तार पत्रक आधी तलाठ्याकडून काढा. झुडपी जंगल नसेल आणि चराईसाठी राखलेली जमीन असेल तर ग्रामसभेचा ठराव घेऊन कामाला लागा.

शेवटचे आणि सर्वांत कठीण. यंत्र तण कापते, गवत आणत नाही. गवत येते ते विश्रांतीने. कापलेला तुकडा निदान एक पावसाळा चराईला बंद ठेवावा लागतो. हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची रीत पाडली, तेव्हा तिथे चारा झाला. आपल्याकडे ज्याच्या दोन शेळ्या हाच संसार आहे, त्याला बंदी सांगायची तर उघडा ठेवलेला तुकडाही त्याला दाखवावा लागेल. म्हणून गायरानाचे तीन भाग करा, एका वर्षी एकच बंद ठेवा. कापलेल्या गवताचा पहिला भारा भूमिहीनाच्या घरी जाईल, हे ठरावात लिहा. नाहीतर बंदी चार दिवसही टिकणार नाही, आणि टिकूही नये.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत: गायरानाचा सातबारा, आणि पायी फिरून हाताने काढलेला नकाशा. त्यात तण कुठे, गवत कुठे, विहीर कुठे, एवढे दाखवा. ट्रॅक्टरचे भाडे त्यानंतर बोलू.