माहेरचा आजार तपासणीत लपवू नका

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



आज ज्या आजाराबद्दल बोलणार आहे, त्याचं नाव बहुतेकींनी ऐकलेलं नसेल. सिस्टिक फायब्रोसिस. हा जन्मापासूनचा आजार. फुप्फुसात चिकट कफ साचतो, खोकला हटत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही. घाम जास्त खारट असतो, म्हणून घामातलं मीठ तपासून तो ओळखतात. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आई-वडील दोघांकडून येतो. आपल्याकडं तो कमी दिसतो, आणि बऱ्याचदा टीबी किंवा दमा समजला जातो.

पूर्वी अशी लेकरं लहानपणीच जायची. आता उपचारांमुळे मुली मोठ्या होतात, आईही होतात. पण दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. कारण पोट वाढतं तशी धाप वाढू शकते, वजन वाढत नाही, रक्तातली साखर वाढू शकते. काही गोळ्या बदलाव्या लागतात. मात्र आपल्या मनानं एकही गोळी बंद करायची नाही.

नवऱ्याचीही तपासणी हवी. आजाराचा दोष त्याच्यातही असेल, तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. मामाच्या मुलाशी, म्हणजे नात्यात लग्न झालं असेल तर हा धोका जास्त.

आता मुद्द्याचं. दमा, हृदयाचा आजार, फिट येणं, सिकलसेल, यांचंही असंच आहे. “सासरी काय म्हणतील?” म्हणून सून गप्प बसते आणि तिची फाईल माहेरीच राहते. मग डॉक्टरांना कळणार कसं? सासूबाईंनो, सुनेनं आजार सांगितला तर “फसवलं” म्हणू नका. तिनं सांगितलं म्हणून दोन जीव वाचू शकतात.

एवढं करा:
- 12 आठवड्यांच्या आत आशाताईकडे नाव नोंदवा.
- दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते. जुनी फाईल आणि चालू गोळ्या सोबत न्या.
- जोखमीची माता म्हणून नोंद झाली तर घाबरू नका. बाळंतपण कुठं करायचं, हे डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवा.
- धाप लागली, खोकल्यातून रक्त आलं, ताप उतरेना, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की प्रत्येक गटानं एक प्रश्न विचारावा: आपल्या गटात कोण गरोदर आहे, आणि तिची फाईल तिच्याजवळ आहे का?