आज्ञावलीतील घटकांचा शोध आणि सीमाभागातील भाषा
(संगणक प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)



आज्ञावली संगणकावर एकदा बसविली की तिचे सारे भाग स्मृतीत हजर असतात, असा एक समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. अभिलेखपाल सर्व रुमाल सकाळीच सोडून टेबलावर मांडीत नाही; प्रकरण निघाले की तेवढाच रुमाल काढतो. जावा या भाषेची यंत्रणा हेच करते. घटक प्रथम लागला की नावावरून त्याचा शोध सुरू होतो. हे काम करणारा क्लासलोडर आधी आपल्या वरिष्ठ क्लासलोडरला विचारतो आणि तेथे घटक न मिळाल्यासच स्वतःच्या कक्षेत पाहतो. (शासकीय शिस्तीशी हे साम्य मनोरंजक आहे.) यामुळे स्मृती वाचते, मात्र गहाळ घटकाची उणीव, खिडकीपुढे अर्जदार उभा असताना, उघड होते.

भाषेच्या बाबतीत तर ती उघडही होत नाही, आणि माझा मुख्य मुद्दा तोच आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले. भालकी, औराद हा भाग म्हैसूर राज्यात गेला. गुलबर्ग्यातील, म्हणजे २०१४ पासूनच्या कलबुर्गी जिल्ह्यातील, आळंदही तिकडेच राहिले. या गावांतून मराठी कुटुंबे आजही आहेत. समजा, औरादच्या एका यंत्राची मूळ भाषा कन्नड आहे आणि अर्जदाराने मराठी निवडली. जावा प्रथम ‘मराठी-भारत’ या नावाचा मजकूर-संच शोधते, मग नुसता ‘मराठी’. दोन्ही नसल्यास ती यंत्राच्या मूळ भाषेकडे, म्हणजे कन्नडकडे वळते आणि तोही नसल्यास पायाभूत संच उचलते, जो बहुधा इंग्रजी असतो. कोठेही दोषसूचना उमटत नाही. मराठी संच असून त्यात काही वाक्ये राहिली असतील, तर तेवढी पायाभूत संचातून येतात व पान अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी होते. अक्कलकोटच्या यंत्रावर कन्नड भाषिकाची गत याच्या नेमकी उलट होते.

वारस नोंदीचा अर्जदार अशा वेळी न वाचता येणाऱ्या प्रतिज्ञापत्राखाली सही करतो. हरकतीची मुदत त्याला कळत नाही. घटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. यंत्राने तो मुकाट्याने आकुंचित करावा, हे मला मान्य नाही.

मूळ भाषेकडे वळण्याचा हा क्रम बंद करण्याची सोय जावाच्या २००६ मधील सहाव्या आवृत्तीपासून आहे. पण तेवढ्याने संच निर्माण होत नाही. म्हणून आज्ञावली स्वीकारताना यंत्राची मूळ भाषा कन्नड ठेवून मराठी निवडावी, मराठी ठेवून कन्नड निवडावी, दोन्ही संचांतील वाक्ये पायाभूत संचाशी ताडून पाहावीत आणि संच न सापडल्यास तसे पडद्यावर अर्जदाराच्या भाषेत लिहून येईल, ही अट करारातच घालावी.