वसतिगृहाची पंगत आणि स्नेहसंमेलनाचे हसू



शिक्षणाचा विषय निघाला की टक्केवारी, पदवी आणि नोकरी यांचाच जमाखर्च मांडला जातो. परंतु महाविद्यालयीन जीवनाच्या खातेवहीत असेही एक पान असते की ज्याची नोंद गुणपत्रिकेत कधीच होत नाही. ते पान म्हणजे वर्गाबाहेरचे विद्यार्थीजीवन. आजच्या मंगल प्रसंगी थोड्या हलक्याफुलक्या मनाने तेच पान उघडावयाचे आहे.

किन्हीराजासारख्या गावातून मुलगा शिकावयास निघतो, तेव्हा सारे घर एसटीच्या थांब्यापर्यंत सोबत येते. पूर्वी त्याच्याजवळ पत्र्याची पेटी, वळकटी आणि लोणच्याची बरणी असे. पेटीला कुलूप असे; बरणीला मात्र नसे. त्यामुळे वसतिगृहात पोहोचल्यावर पहिली मैत्री जुळे ती बरणीच्या साक्षीने. आठवडाभरात लोणचे संपे आणि मैत्री उरे. व्यापाराच्या भाषेत सांगावयाचे तर एवढ्या अल्प भांडवलावर इतका मोठा नफा अन्य कोणत्याही धंद्यात मिळत नाही!

हा मुलगा अकोला, अमरावतीस गेला तर फारसे अडत नसे. पण पुण्यास गेला आणि सहज ‘काहून रे?’ म्हणाला, की सारी खोली हसे. पहिल्या महिन्यात तो ‘का रे’ म्हणावयास शिके आणि वर्षअखेरीस खोलीतील पुणेकर मुलगाच ‘काहून’ म्हणू लागे. भाषेची देवघेव ही अशी होते. त्यासाठी परिसंवाद भरवावे लागत नाहीत.

वसतिगृहातील सर्वाधिक चर्चिला जाणारा विषय म्हणजे मेस. वरणात डाळ शोधण्यासाठी पाणबुड्या नेमावा, ही सूचना पिढ्यानपिढ्या नव्याने केली जाते. जैन बोर्डिंगमध्ये तर सूर्यास्तापूर्वी जेवण आणि मध्यरात्री भूक, असा योग ठरलेलाच. कांदा-लसणाविना ताटावर नाक मुरडणारा मुलगाच पुढे संसारात पडल्यावर ‘बोर्डिंगच्या आमटीची चव घरी येत नाही’ असे सांगतो आणि गृहिणीचा रोष ओढवून घेतो.

मग येते स्नेहसंमेलन! साडी डेला आईच्या कपाटातील ठेवणीतली साडी बाहेर निघते. टाय डेला कोट एकाचा, टाय दुसऱ्याचा आणि गाठ तिसऱ्याने बांधलेली असते. या साऱ्याचा कळस म्हणजे फिशपॉन्ड, अर्थात शेलापागोटे. पेटीत निनावी चिठ्ठ्या पडतात, त्या व्यासपीठावरून वाचल्या जातात आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याने उठून ती स्वीकारावयाची असते. नित्य उशिरा येणाऱ्यास ‘एसटीचे वेळापत्रक’ ही पदवी मिळते. प्राध्यापकही यातून सुटत नाहीत. वर्षभर धाक दाखविणारे सर त्या दिवशी स्वतःवरील विनोदाला हसले, की विद्यार्थ्यांच्या मनात त्यांचे स्थान अधिकच उंचावते.

मोठ्या विद्यापीठीय नगरांत अशाच हौसेतून परंपरा उभ्या राहिल्या. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा नौकानयनाचा ‘रेगाटा’ 1928 पासून, तर आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून चालत आली आहे. मराठी रंगभूमीला अनेक कलावंत अशाच स्पर्धांनी दिले.

परंतु बंधू-भगिनींनो, प्रत्येक परंपरा जपण्याच्या योग्यतेची असतेच असे नाही. ज्याची थट्टा होते तोही हसत असेल, तर ती थट्टा. तो एकटाच रडत असेल आणि बाकीचे हसत असतील, तर तो छळ. ‘ओळख परेड’ या गोंडस नावाखाली चालणाऱ्या रॅगिंगने कित्येक कोवळी मने कायमची कोमेजली. महाराष्ट्र शासनाला त्यासाठी 1999 मध्ये कायदा करावा लागला. त्यानुसार दोषी ठरणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय त्याला महाविद्यालयातून काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. जे काम एका वडीलधाऱ्या विद्यार्थ्याचा खांद्यावरील हात करू शकला असता, त्यासाठी कायद्याचा हात पुढे यावा लागला, हे भूषणावह नाही.

माणसाला आत घेणारी परंपरा श्रेष्ठ की बाहेर ठेवणारी, याचे उत्तर एका जैन विद्यार्थ्यानेच दिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. हा प्रसंग समाजाने न लपविता सांगावा असाच आहे. त्याच भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत जेवत. त्या पंगतीत खंड पडू नये म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही विकले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. वऱ्हाडातही डॉ. पंजाबराव देशमुख यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालयातून हीच वाट घालून दिली.

आज परिस्थिती पालटली आहे. लोणच्याच्या बरणीची जागा मोबाईलने घेतली आहे. एका खोलीत चार मुले असतात, पण चौघांचे चार पडदे असतात. जेवणाचा डबा खोलीवर येतो आणि ज्याचा तो एकटा जेवतो. नव्याने आलेल्या मुलाला आज कोणी छळत नसेलही. पण त्याच्याशी कोणी बोललेच नाही, तर तेही दुःख लहान नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, एवढेच करावे. जूनमध्ये नवा मुलगा पेटी घेऊन दारात उभा राहिला, की त्याचे नाव विचारावे, गाव विचारावे आणि त्याला सोबत जेवावयास न्यावे. तो ‘काहून’ म्हणाला तर हसावे. पण त्याचे ताट आपल्या ताटाशेजारी मांडून हसावे. वस्त्राचे मोल रंगावर नसते, विणीवर असते. समाजाची वीणही अशाच एका पंगतीत, एका बाकावर घट्ट होत जाते.