लेकराचा हट्ट व आईबापांचा धीर



कापूस वेंचणीच्या दिवसांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील आईबाप थकून घरीं येतात, नेमकें तेव्हांच लेकरूं हट्टास पेटतें, आणि हात उगारला जातो. तो हट्ट बहुधा खोडी नसून दिवसभराच्या विरहाचा आक्रोश असतो, असें आम्हांस वाटतें. समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं १९४५ सालीं बालवाडी काढणाऱ्या ताराबाई मोडकांनीं, वस्तींतील मुलें येईनात तेव्हां, शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. आपणही तसेंच मुलाकडे जावें. सायंप्रार्थनेपूर्वीं घटकाभर त्यास जवळ घ्यावें. ‘तुला राग आला आहे’ असें सांगून त्याच्या भावनेस नांव द्यावें. मात्र एकदां नाकारलेलें रडण्यापुढें देऊं नये. मारानें मूल केवळ भितें. राग आवरणें तें आईबापांस पाहूनच शिकतें. तेवढा धीर प्रभु आपणां सर्वांस देवो.