सायगाव आणि गिरणगाव
व्हिएतनाममधली फ्रेंच सत्ता १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत कोसळली. पण १९४५ मध्ये सायगावात ती पुन्हा उभी राहिली ब्रिटिश जनरल ग्रेसींच्या २०व्या भारतीय डिव्हिजनच्या जोरावर. बंदुका आपल्याच जवानांच्या! फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदल तळावरच्या नाविकांनी संप पुकारला, तेव्हा इंडोनेशियातून भारतीय फौजा परत आणा, हीही मागणी होती. २२ तारखेला गिरणी कामगारांचा गिरणगाव त्यांच्या पाठीशी उभा राहिला. परळला कार्यकर्त्या कमल दोंदे गोळीला बळी पडल्या. कुणी म्हणेल, मागणीत व्हिएतनाम नव्हता, ग्रेसीही जानेवारीतच गेले होते. मान्य. पण भारतीय फौज आता साम्राज्याची हुकमी राहिली नाही, हे इंग्रजांना कळून चुकलं. फ्रेंचांना मग डॉलरचाच आधार उरला; १९५४ पर्यंत युद्धखर्चाचा मोठा वाटा अमेरिकाच उचलत होती.