नवशिक्या व्हायोलिनवादकांस दोन शब्द
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सायंकाळीं केलेलें भाषण)

गायकवृंदांत नव्यानेंच हातीं व्हायोलिन घेतलेल्या बाळांनो,

अशा मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें उपदेश करावा अशी आपली अपेक्षा असेल. परंतु आज मी गजाविषयीं व तारांविषयीं बोलणार आहें. हा विषय ख्रिस्तसभेस परका नाहीं. पोप बारावे पायस ह्यांनीं १९५५ सालीं पवित्र संगीतावर जें परिपत्रक काढिलें, त्यांत ऑर्गननंतर गजानें वाजणाऱ्या वाद्यांचा गौरवानें उल्लेख आहे. आपला अमरावती धर्मप्रांतही त्याच वर्षीं स्थापन झाला. गोमंतकांत तर चर्चला जोडलेल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलें स्वरलिपि व व्हायोलिन शिकलीं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्याच भूमींतले. मुंबईच्या चित्रपटसंगीतांत त्यांनीं नांव मिळविलें व प्यारेलाल ह्यांच्यासारखा शिष्य घडविला.

पहिली गोष्ट मापाची. थोरल्या भावाचें व्हायोलिन धाकट्याच्या गळ्यांत बांधूं नये. वाद्य मानेशीं धरून डावा हात लांब केला असतां त्याचें टोंक तळहातांत सहज बसलें पाहिजे. न बसल्यास पाव, अर्धें किंवा पाऊण मापाचें घ्यावें.

दुसरी गोष्ट स्वराची. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत चारही तारा अनुक्रमें पेटीच्या पांढरी पांच, पांढरी दोन, पांढरी सहा व पांढरी तीन ह्या स्वरांत मिळवाव्या. पहिली मंद्र सप्तकांत, मधल्या दोन मध्य सप्तकांत व शेवटची तार सप्तकांत. खुंटी फिरवितांना ती किंचित् आंत दाबावी, म्हणजे घसरत नाहीं. व्हायोलिनच्या पट्टीवर सतारीसारखे पडदे नसतात. बोट कोठें ठेवावें हें कानच सांगतो. म्हणून प्रत्येक ओळ आधीं गावी, मग वाजवावी. पं. गजाननराव जोशी (१९११–१९८७) व्हायोलिनवादक तसेच गवईही होते, हें लक्षांत ठेवावें.

तिसरी गोष्ट हाताची. पहिले कांहीं आठवडे केवळ मोकळ्या तारांवर लांब गज ओढावा. तो घोडीशीं समांतर राहतो कीं नाहीं, हें आरशांत पाहावें. गज धरणारा आंगठा वांकलेला असावा. खांदे व जबडा आवळूं नये. रविवारीं दोन तास घासण्यापेक्षां दररोज वीस मिनिटें बरीं.

चौथी गोष्ट आपल्या वऱ्हाडाची. वैशाखांत अकोल्याचा पारा कित्येकदां ४५ अंशांवर जातो. अशा उन्हांत सरसानें जोडलेले सांधे सुटतात व खुंट्या सैल होतात. पावसाळ्यांत त्याच खुंट्या फुगून अडकतात. पत्र्याच्या खोलींत वाद्य ठेवूं नये. वादन संपतांच गज सैल करावा व तारांवरची राळ पुसावी. कापसाच्या ह्या मुलखांत मऊ सुती फडक्यास तोटा नाहीं. तारा बदलावयाच्या असल्यास एकेक बदलावी. सर्व एकदम काढल्यास आंतील आधाराची काठी पडण्याचा संभव असतो.

आतां एक गोष्ट आईबापांस, आणि ती मी माझ्या अपराधावरून सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत दहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे शिकत असे. नाताळच्या तालमींत त्याचा स्वर चुकला. मीं सर्वांसमक्ष विचारलें, “हें वादन कीं बैलगाडीचें कुरकुरणें?” सारे हंसले. तो हंसला नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्याची आई व्हायोलिन परत घेऊन आली. पेटी उघडून पाहिली, तों तारा स्वच्छ पुसलेल्या होत्या, आणि गज मीं शिकविल्याप्रमाणें सैल केलेला होता. तो मुलगा पुन्हां आला नाहीं. चूक माझ्याआधीं त्याच्याच कानास कळली होती, हें मला फार उशीरां समजलें. पहिल्या वर्षीं व्हायोलिन कुरकुरणारच. तें घरच्यांनीं प्रेमानें सोसावें. पाहुण्यांपुढें मुलास उभें करूं नये आणि शेजारच्या मुलाशीं त्याची तुलना करूं नये.

तें व्हायोलिन आज ह्या मेजावर ठेविलें आहे. त्यास नव्या तारा चढविल्या आहेत. तें अर्ध्या मापाचें आहे. ज्या बाळाच्या हातास तें बसेल, त्यानें उद्यां मिस्सेनंतर माझ्याकडे यावें. शिकविण्याचें काम माझें. आणि ह्या वेळीं मी हंसणार नाहीं.

प्रभु आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.